महिन्याला मूठभर लोक जे शोधतात, त्यासाठी वेबसाइटवर पानं लिहावीत का?

भिंगवाली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

माझा आणि भावाचा दुर्बिणी नि सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायचा छोटा धंदा आहे. भिंगांवरची बुरशी काढणं, पडून हललेले प्रिझम जागेवर बसवणं, वाळून घट्ट झालेलं ग्रीस बदलणं, असली कामं. गिऱ्हाईक ठरावीक: पक्षीनिरीक्षक, आकाश बघणारे, प्रयोगशाळा आणि आजोबांची दुर्बीण जपणारी नातवंडं. सगळे विखुरलेले, त्यामुळे वस्तू कुरियरने येते आणि कुरियरनेच परत जाते. आजवर काम मिळालं ते तोंडी ओळखीतून.

आता वेबसाइट नीट करायला घेतली आहे. एका एजन्सीचं म्हणणं, 'दुर्बीण' हा मोठा शब्द धरा, गूगलच्या पहिल्या पानावर आणून दाखवतो, गॅरंटी. भाचा म्हणतो वेबसाइट सोड, रील्स कर. मी स्वतः कीवर्डच्या टूलमध्ये (कोणता शब्द महिन्याला किती जण शोधतात ते दाखवणारं) आमच्या कामाचे शब्द टाकून पाहिले, तर आकड्याच्या जागी शून्य, नाहीतर नुसती रेघ.

तर प्रश्न असा: जे शोधणारेच मोजके आहेत, त्यांच्यासाठी पानं लिहीत बसण्यात अर्थ आहे का? की सरळ जाहिरात द्यावी?

रिकामटेकडा
माझ्या दुर्बिणीतून एकाऐवजी दोन शेजारी दिसतात. एकच झेपत नाही. दुरुस्ती होईल का? (हलकं घ्या.)

भिंगवाली
@रिकामटेकडा, दुर्बिणीची होईल 😀

कोळी_विणकर
रिकामटेकडांनी थट्टेत लाखमोलाचं वाक्य टाकलंय, तिकडे वळतोच. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून जरा लांबण लागेल.

आधी त्या शून्याबद्दल. टूलमधलं शून्य म्हणजे 'कोणी शोधत नाही' असं नव्हे, 'दाखवण्याएवढा आकडा नाही' इतकंच. गूगलचं कीवर्ड प्लॅनर सरासरी दाखवतं, मिळतेजुळते शब्द एकत्र मोजतं आणि जाहिरातीवर फारसा खर्च नसेल तर नुसता ढोबळ पट्टा देतं. शिवाय रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध आधी कधीच पाहिलेले नसतात, असं गूगल स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आलंय. जे अजून कोणी विचारलंच नाही, त्याचा आकडा टूल आणणार कुठून?

आता 'दुर्बीण' हा शब्द बघा. तो टाइप करणाऱ्याला नेमकं काय हवंय? कोणाला विकत घ्यायची असेल, कोणाला शाळेच्या प्रकल्पासाठी चित्र हवं असेल, कोणाला शोध कोणी लावला ते. तिथे तुमची गाठ मोठ्या विक्रेत्यांशी आणि विश्वकोशाशी. त्या शब्दावर पहिल्या पानावर आलात तरी येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना तुमचं काही काम नसणार.

उलट 'पडल्यापासून दुर्बिणीतून दोन-दोन दिसतात' असं टाइप करणाऱ्याच्या हातात बिघडलेली दुर्बीण असते. तो महिन्यातून एकदाच उगवेल, पण तो तुमचाच आहे. दोन्ही नळ्या एका रेषेत आणायच्या या कामाला तुम्ही आपसात कॉलिमेशन म्हणत असाल. गिऱ्हाईक तसं म्हणत नाही, ते लक्षण सांगतं. पानं लक्षणांवर लिहा.

डावखुरी_शुभा
+१ कोळी. मी डावखुऱ्यांसाठीच्या वस्तू ऑनलाइन विकते (आयडीवरून कळलंच असेल). मला वाटलं होतं लोक 'डाव्या हाताची कात्री' शोधत येतील. येतात, पण त्यांच्याइतकेच 'डावखुऱ्या मुलीला वाढदिवसाला काय द्यावं' असं विचारत येतात. आणि शिक्षिका येतात: वर्गात एकच मूल डावखुरं आहे, त्याला अक्षर गिरवायला कसं शिकवू? त्यांना वस्तू घ्यायची नसते, मदत हवी असते. त्यावर लिहिलेलं पान माझं सर्वात जास्त वाचलं जातं आणि तिथूनच लेखणी-कात्र्यांच्या एकगठ्ठा ऑर्डरी येतात. सांगायचा मुद्दा, शोधणारा आणि वापरणारा एकच असेल असं नाही. तुमच्याकडेही नातवंडं शोधत असतील, दुर्बीण आजोबांची.

रील्सबद्दल: मीही करते. बघणारे पुष्कळ, विचारणारे कमी. शोधून आलेला माणूस गरज घेऊन आलेला असतो, एवढा फरक.

जुनं_खोड
सगळे एकाच सुरात गाऊ लागलेत म्हणून वेगळा सूर लावतो.

शोधातून मागणी गोळा करता येते, तयार करता येत नाही. दुर्बीण बिघडली की माणूस शोधणारच, म्हणून भिंगवालीताईंचं जमेल. पण ज्या वस्तूला लोकांच्या डोक्यात अजून नावच नाही, तिचं काय? माझ्या ओळखीतल्या एकाने जुन्या हस्तलिखितांची पानं सपाट ठेवून वाचायला एक चौकट बनवली. वस्तू झकास. पण अशी चौकट असते हेच कोणाला ठाऊक नाही, तर शोधणार काय, कप्पाळ! वेबसाइट वर्षभर माश्या मारत होती. शेवटी संशोधकांच्या संमेलनांत स्वतः टेबल मांडून बसला, तेव्हा विक्री सुरू झाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कोळी_विणकर
@जुनं_खोड, मुद्दा मान्य, उदाहरण अर्धं मान्य. वस्तूला नाव नसलं तरी अडचणीला असतंच. 'जुन्या पुस्तकाचं पान न दुमडता फोटो कसा काढावा' हे कोणीतरी शोधतंच असेल. पण संमेलनं सोडून नुसतं शोधावर विसंबू नये, हे खरं.

तर्कटराव
जाहिरातीचं मी सांगतो, हातची कामं टाकून.

शोधाच्या जाहिरातीत लिलाव असतो. दर क्लिकमागे बोली लावायची ही पद्धत १९९८ साली गोटू डॉट कॉमने आणली, गूगलची अ‍ॅडवर्ड्स २०००ची, २०१८पासून तिचं नाव गूगल अ‍ॅड्स. गूगलच्या लिलावात निव्वळ जास्त बोलीवाला जिंकत नाही. जाहिरात त्या शोधाला कितपत लागू आहे, पुढचं पान कसं आहे, हेही धरतात. म्हणून नेमकं काम करणाऱ्या लहान धंद्याला तिथे जागा मिळते.

पण आडवाटेच्या धंद्याला एक खास अडचण आहे आणि ती कोणी आधी सांगत नाही. फारच नेमका शब्दसमूह दिलात तर त्यापुढे 'लो सर्च व्हॉल्यूम' असा शेरा पडतो आणि शोध वाढेपर्यंत तो निष्क्रिय राहतो. म्हणजे 'पडल्यापासून दोन-दोन दिसतात'वर जाहिरात लागणारच नाही. मग 'दुर्बीण दुरुस्ती' असा जरा रुंद शब्द फ्रेज मॅचमध्ये (म्हणजे त्या अर्थाचे शब्द असलेल्या लांब शोधांवरही जाहिरात लागेल असा) घ्यायचा आणि नको ते शोध निगेटिव्ह कीवर्डने छाटायचे: फुकट, चित्र, माहिती, कोर्स, नोकरी, निबंध. दर आठवड्याला सर्च टर्म्सचा (लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केलं त्याचा) अहवाल उघडायचा आणि यादी वाढवायची. कंटाळवाणं काम आहे. पैसे वाचतात ते इथेच.

आणि दोन खुणा आधी तपासा. मोहीम उघडताना डिस्प्ले नेटवर्कपुढे (इतर साइटींवरच्या जाहिराती) आपोआप टिक केलेली असते, ती काढा. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये 'तिथे असलेले' यांच्या जोडीने 'त्या ठिकाणात रस असलेले'ही मूळचेच धरलेले असतात, तेही बघून घ्या.

रिकामटेकडा
निगेटिव्ह कीवर्डमध्ये 'शेजारी' पण टाका.

सहज_सुचलं
त्या गॅरंटीबद्दल कोणीच बोललं नाही? पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात साफ लिहिलंय. तिथेच विषय संपतो.

पाटीवाला
संपत नाही हो, तिथून सुरू होतो. आम्ही पाट्या, नावफलक कोरून देतो. आम्हालाही असेच एक गॅरंटीवाले भेटले होते, नाव घेत नाही. काही महिने दर महिन्याला गुळगुळीत अहवाल येत होता. 'अमुक शब्दावर पहिला क्रमांक.' शब्द कोणता, तर आमच्याच दुकानाचं पूर्ण नाव! ते शोधल्यावर आम्ही नाही तर कोण येणार?

पुढे कळलं की कुठल्या कुठल्या भलत्या साइटवरून आमच्याकडे विकतचे दुवे जोडले होते. आणि कहर म्हणजे डोमेन (वेबसाइटचा पत्ता) त्यांच्या नावावर. करार मोडल्यावर ते सोडवून घेताना नाकी नऊ आले. भिंगवालीताई, काम कोणालाही द्या, पण डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) आणि जाहिरातीचं खातं, चारही तुमच्या ईमेलवर पाहिजेत. त्यांना फक्त वापरायची परवानगी द्या.

तर्कटराव
विकतच्या दुव्यांचा धंदा २०१२च्या पेंग्विन अपडेटनंतर (असे दुवे वापरणाऱ्या साइटींना खाली ढकलणारा गूगलचा बदल) बुडायला हवा होता. अजून जोरात आहे. एजन्सी पारखायची सोपी युक्ती: 'मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) भरणार का?' असं विचारा. ते टॅग आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गूगलने २००९मध्ये जाहीर केलंय. 'हो, भरपूर भरू' म्हणाले की चहा पाजून वाटेला लावा.

भिंगवाली
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! एकेक वाचून वहीत उतरवतेय.

कोळीदादा, तुमचं वाचून भावाच्या फोनमधले जुने निरोप चाळले. लोकांनी खरंच असं लिहिलंय:
'एका डोळ्याने नीट दिसतं, दोन्ही उघडले की डोकं दुखतं.'
'भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी वाढलंय.' (तुमच्या आयडीशी संबंध नाही 😀)
'फोकसचं चाक फिरतच नाही, जोर लावू का?'
'आतून धुकं धरलंय, उन्हात ठेवली तरी जात नाही.'
'सूक्ष्मदर्शकाची नळी आपोआप खाली घसरते.'
'दुरुस्तीपेक्षा नवी घेतलेली बरी का?'

यांची पानं करायची म्हणता? पण भावाचं म्हणणं वेगळंच आहे. तो म्हणतो, घरी काय करायचं ते सगळं लिहून टाकलं तर आपल्याकडे येईल कोण?

डावखुरी_शुभा
'जोर लावू का?' 😂 यावर पान हवंच. शीर्षकातच उत्तर द्या: लावू नका.

कोळी_विणकर
हे निरोप म्हणजे खजिना आहे. कुठलंही टूल तुम्हाला ही यादी देणार नाही.

पानं कशी करावीत ते सांगतो. एका लक्षणाला एक पान, पण एकाच लक्षणाच्या दहा वाक्यरचनांना दहा पानं नकोत. २०१३च्या हमिंगबर्डपासून आणि पुढे २०१९च्या बर्टनंतर (दोन्ही गूगलच्या शोधातले बदल) गूगलला वाक्याचा रोख बऱ्यापैकी कळतो. शीर्षकात गिऱ्हाइकाचे शब्द, पहिल्या दोन ओळींत थेट उत्तर, मग कारण, मग तुम्ही स्वतः काढलेले फोटो: बुरशी लागलेलं भिंग, साफ केल्यावरचं भिंग. आणि काय दुरुस्त होत नाही तेही लिहा. बुरशीने भिंगावरचा थर खाल्ला असेल तर साफ करूनही डाग राहतो, हे प्रामाणिकपणे लिहिणारं पान लोकांना पटतं. गूगलने आपल्या गुणवत्ता परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत २०२२च्या डिसेंबरात 'अनुभव' हा निकष मुद्दाम वाढवला. तुमच्याकडे तोच भरपूर आहे.

एक पथ्य. एकदा चटक लागली की काही जण तोच मजकूर ठेवून नुसती गावांची नावं बदलत शेकडो पानं काढतात. याला डोअरवे पानं म्हणतात, ती गूगलच्या धोरणाविरुद्ध आहेत. वाचणाऱ्यालाही ती क्षणात कळतात.

आता भावाची शंका. घरी दुर्बीण उघडू शकणारा तुमचा गिऱ्हाईक नव्हताच.

जुनं_खोड
आणि उघडू न शकणारा उघडून बसतो, तो दुप्पट गिऱ्हाईक होतो.

भिंगवाली
@जुनं_खोड, अगदी! एकांनी प्रिझम प्लास्टिकच्या पिशवीत सुटे घालून पाठवले होते. सोबत चिठ्ठी: 'दोन स्क्रू उरले आहेत.'

सहज_सुचलं
पण एक मूलभूत शंका. आता शोधाच्या वरच एआयचा सारांश येतो. अमेरिकेत मे २०२४मध्ये सरसकट सुरू झाला, मग इतरत्र पसरला. 'दुर्बिणीत बुरशी का लागते' याचं उत्तर तिथेच मिळालं तर ताईंच्या पानावर कोण टिचकी मारणार? इथे सगळे २०१५चं ज्ञान वाटताय असं वाटतं.

तर्कटराव
इतकंही काही नाही. 'का लागते' वाला वाचक गेला असं समजा, तो जाऊ दे. 'कोण काढून देईल' वाल्याला सारांश वाचून भिंग साफ करून मिळत नाही.

सहज_सुचलं
पण वर शुभाताईंचं उदाहरण बघा. शिक्षिका 'कसं शिकवू' विचारत आली आणि मग ऑर्डर दिली. तिला सारांशातच उत्तर मिळालं तर ती दुकानापर्यंत पोचणारच नाही. नुकसान होतंय, ते नाकारू नका.

डावखुरी_शुभा
होतंय, नाकारत नाही. त्या पानावर येणारे कमी झालेत. मी त्यात गिरवायचे तक्ते छापून घ्यायला ठेवले, हाताच्या पकडीचे फोटो टाकले. तक्ता हवा असेल तर पानावर यावंच लागतं. पूर्वीइतके लोक येत नाहीत, पण जे येतात ते थांबतात. यापुढे काय होईल ते मीही बघतेय.

कोळी_विणकर
सहज_सुचलं यांचा मुद्दा रास्त आहे. नुसती सामान्य माहिती देणाऱ्या पानांचे दिवस कठीण आहेत. त्यातून निष्कर्ष एकच काढता येतो, जे दुसरीकडे नाही ते लिहा. 'बुरशी म्हणजे काय' हे पान करूच नका. अमुक मॉडेलच्या दुर्बिणीत ती कुठून शिरते, उघडताना काय तुटतं, सुटा भाग मिळतो का, हे करा. मॉडेल क्रमांक टाकून शोधणारे फार थोडे असतात आणि त्यांना दुसरीकडे उत्तरच सापडत नाही.

पाटीवाला
नकाशावरच्या नोंदीचं राहिलं. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, उघडून टाका. तिथे क्रम लावताना लागूपणा, अंतर आणि ख्याती बघतात. आमच्यासारख्यांना अंतराचा फायदा मिळतो. ताईंचं काम कुरियरवर, त्यांना कमी मिळेल. तरीही पार्सल पाठवण्याआधी माणूस परीक्षणं वाचतोच. फक्त परीक्षणाच्या बदल्यात सूट वगैरे देऊ नका, नियमात बसत नाही. दुरुस्त वस्तू पोचल्यावर नुसतं विचारा.

रच्याकने_राव
रच्याकने (जाता जाता), कोणाकडे सूक्ष्मदर्शकाची जुनी आयपीस (डोळ्याकडचं भिंग) पडून आहे का? लेकीला हवी आहे.

भिंगवाली
@रच्याकने_राव, व्यक्तिगत निरोप करा. नळीचा व्यास मोजून सांगा. बहुतेक जुन्यांचा २३.२ मिमी असतो, पण मोजल्याशिवाय घेऊ नका.

डावखुरी_शुभा
बघा! हे वरचं उत्तर म्हणजे तयार पान आहे. 'जुन्या सूक्ष्मदर्शकाला कोणती आयपीस बसेल? आधी व्यास मोजा.'

कोळी_विणकर
वा. ही शुभाताईंनी माझी नोकरी खाल्ली.

सहज_सुचलं
मूळ प्रश्नाकडे येतो. समजा ताईंनी पानं लिहिली. उपयोग होतोय की नाही हे कळणार कसं आणि कधी? सहा महिने वाट बघून 'होईल हळूहळू' ऐकायला कोणाला आवडेल?

कोळी_विणकर
कधी: गूगलच्याच लोकांनी एका व्हिडिओत सांगितलं होतं की बदल केल्यापासून फायदा दिसायला साधारण ४ महिने ते १ वर्ष लागतं. स्पर्धा नसलेल्या शब्दांवर त्याआधीही हालचाल दिसू शकते, पण भरवसा देत नाही.

कसं: सर्च कन्सोल. फुकट आहे, मागच्या १६ महिन्यांचं दाखवतं. सुरुवातीला क्लिक बघू नका, इम्प्रेशन्स (पान शोधात किती वेळा दिसलं) बघा. न लिहिलेल्या शब्दांवर तुमचं पान दिसायला लागलं की ते शब्द पुढच्या पानाचा विषय. एक लक्षात ठेवा, अगदी विरळ शोध गोपनीयतेसाठी त्या यादीत दाखवतच नाहीत. त्यामुळे यादीची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळणार नाही. तुमच्यासारख्या धंद्यात ही तफावत बरीच मोठी असू शकते, घाबरू नका.

तर्कटराव
आणि सर्वात पक्कं माप: फोन आला की विचारा, 'काय शोधलंत तेव्हा आम्ही सापडलो?' वहीत तसंच्या तसं लिहा. महिन्याला चार पार्सलं जास्त आली तर तुम्हाला पुरे आहेत की नाही, हे तुम्हीच ठरवणार. हजार भेटी आणि शून्य पार्सल यांचं काय लोणचं घालायचंय?

जाहिरातीचं माझं मत: पानं रुजेपर्यंत 'दुर्बीण दुरुस्ती', 'सूक्ष्मदर्शक दुरुस्ती' एवढ्या दोनच गटांवर छोटी मोहीम चालवा. विक्रीसाठी नव्हे, सर्च टर्म्स बघण्यासाठी. लोक काय टाइप करतात त्याचा नमुना मिळेल. मग बंद केलीत तरी चालेल.

जुनं_खोड
तर्कटरावांशी पहिल्यांदाच सहमत. पण पक्षीनिरीक्षकांच्या गटांत जाणं सोडू नका. तिथल्या कोणी आपल्या पानावरून तुमचा दुवा दिला, तर तो पाटीवाल्यांच्या विकतच्या दुव्यांपेक्षा कैक पटींनी मोलाचा.

भिंगवाली
एजन्सीला नाही कळवलंय. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासलं, भावाच्याच आहे, हुश्श. भाऊ निम्मा तयार झालाय: लक्षण आणि कारण लिहायचं, उघडायची कृती नाही. पहिल्या पानाचा कच्चा खर्डा असा:

शीर्षक: 'आमची दुर्बीण दुरुस्ती सेवा – दोन प्रतिमा दिसण्याची समस्या'
मग आमची ओळख, अनुभव, यंत्रसामग्री. मग कारण: धक्का लागून प्रिझम सरकतो, दोन्ही नळ्या एका रेषेत राहत नाहीत. मग घरी करायची चाचणी: लांबच्या खांबाकडे बघत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू थोडी दूर न्यायची, प्रतिमा फुटून दोन झाल्या तर काम आमचं. शेवटी पार्सल कसं बांधायचं.

ठीक आहे का?

डावखुरी_शुभा
शीर्षक उलटं आहे. 'पडल्यापासून दुर्बिणीतून दोन-दोन दिसतात? आधी ही चाचणी करा.' आणि पार्सल बांधतानाचे फोटो हवेतच.

कोळी_विणकर
चाचणी सगळ्यात वर घ्या, तिच्याखाली कारण. ओळख नि यंत्रसामग्री तळाशी, चार ओळींत. फोटोंचा आकार कमी करून टाका, नाहीतर मोबाइलवर पान उघडेपर्यंत माणूस पळेल. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा निकष आहे. 'जोर लावू का?'चं पान झालं की तेही इथे टाका.

पाटीवाला
आणि फोन नंबर प्रत्येक पानावर, टिचकी मारली की लागेल असा. चित्रात कोरलेला नको. हे पाट्या कोरणारा माणूस सांगतोय.